गोधडीखालची दहा मिनिटं

सन एकोणीसशे शहाण्णव. मला बहात्तरावं लागलंय, अक्का. बहात्तर वर्षांत तू नाहीस असा दिवस मी पाहिला नव्हता. आता अठरा पाहिले.

बेंगळुरातल्या मराठी मंडळाची माणसं आली होती. अंकात तुझ्यावर चार शब्द पाहिजेत म्हणाली. "अण्णा, तुम्ही नुसतं सांगा, आम्ही लिहून घेतो." मी म्हटलं, का? तिसरीपर्यंत शाळेत गेलोय मी. बहीण माझी, लिहिणारही मीच. त्यांना बजावलंय, अक्षर चुकलं तर सुधारा, मजकुराला हात लावायचा नाही.

तू कुठं जन्मलीस, कधी विधवा होऊन घरी परत आलीस, किती उपास केलेस, ते दुसरं कुणी लिहील. मला ते नको. आपलं एक भांडण अर्धं राहिलंय, ते मला पुरं करायचंय. तू उत्तर देणार नाहीस म्हणून मी जिंकलो असं काही नाही. उलटंच झालंय. सांगतो.

चामराजपेटेतलं आपलं दुकान म्हणजे काय, रस्त्याकडे माझं टेबल, मग पडदा, आणि पडद्यामागं खिडकीपाशी तू. अप्पांनी तुला डायलचं काम शिकवलं, कारण तुझा हात हलत नव्हता. मला मशीनचं शिकवलं, कारण मी हट्ट धरून बसलो. पुसट झालेला आकडा पुन्हा काढायचा, काट्यांत अंधारात चमकणारं भरायचं, हे सगळं तुझं. गिऱ्हाईक विचारायचं, "वा! डायल कुणी केली हो?" मी म्हणायचो, "आपल्याकडंच होते." पन्नास वर्षं हे एकच उत्तर. पडद्यामागं तुला ऐकू जात होतं. तू कधी खोकलीससुद्धा नाहीस.

लोक अंधारात चमकेल त्याला रेडियम म्हणतात. सायकलच्या मडगार्डवरचा स्टिकर रेडियम, देव्हाऱ्यातल्या प्लॅस्टिकच्या देवाचे डोळे रेडियम. तुला राग यायचा. "रेडियम म्हणजे जुनं," तू म्हणायचीस. "साठ सालाच्या सुमाराला कंपन्यांनी ते सोडलं. नंतरचा माल वेगळा. त्या डायलवर अगदी तळाला, स्विस शब्दाच्या दोन्ही अंगांना बारीक टी असतो." इंग्रजी तुलाही येत नव्हतं आणि मलाही नाही. पण तो मुंगीएवढा टी तू भिंगाशिवाय ओळखायचीस.

आणि टी घासला गेला असेल, डायलचा भरवसा वाटत नसेल, तर तुझी गोधडी.

दुपारी जेवणं झाली की घड्याळ आणि डोळ्याला लावायचं भिंग, आयग्लास, घेऊन तू जाड गोधडी डोक्यावरून ओढून बसायचीस. आत दहा मिनिटं काही करायचं नाही. डोळ्यांत अंधार मुरू द्यायचा. मग आयग्लास लावायची. शेजारच्या जयम्मानं एकदा पाहिलं आणि थंडीताप भरला समजून मिऱ्याचा कषाय, म्हणजे काढा, घेऊन धावत आली. तू गोधडीतूनच हात बाहेर काढून पेला घेतलास, प्यायलीस, पेला परत दिलास. "आता बोलू नका जयम्मा, डोळा मोडेल." बिचारी पेला हातात धरून उभीच.

आतून तुझा आवाज यायचा. "जुनं आहे रे विठू. उकळतंय बघ."

तुझं म्हणणं, रेडियम काही मरत नाही, त्याच्यासोबतची चमकणारी पूड थकते. म्हणून लांबून बघावं तर डायल मेलेली. पण मुरलेल्या डोळ्यानं भिंगातून पाहिलं, की आत बारीक ठिणग्यांची चुळबुळ चाललेली असते, भात रटरटावा तशी. नंतरच्या टीवाल्या मालात ती नसते. मला म्हणायचीस, "ये, बघ." मी शिरायचो आणि दोन मिनिटांत बाहेर. "काही दिसत नाही."

"दहा मिनिटं बस की रे."

"गिऱ्हाईक आलंय."

गिऱ्हाईक आलेलं नसायचं. तुला माहीत होतं. मला गोधडीत कोंडल्यासारखं व्हायचं हे एक, आणि तुला दिसतं ते मला दिसलं नाही तर, ही भीती दुसरी. दुसरी मी आज पहिल्यांदा लिहितोय.

माझा धंदा नंबराचा. अप्पांनी कुठल्याशा एजंटाकडून उतरवून घेतलेला पुठ्ठा टेबलाशेजारच्या भिंतीवर टांगलेला. कुठल्या कंपनीचा कितव्या आकड्यापासून कितव्यापर्यंतचा माल कुठल्या सालचा, ते त्यावर. मोठमोठ्या घरची किमती स्विस घड्याळं माझ्याकडं यायची. मी नंबर बघायचो, पुठ्ठा बघायचो आणि साल सांगायचो. सूटबूटवाले साहेब तोंडात बोट घालायचे. इंग्रजी वाचता आलं नाही म्हणून काय झालं, आकडे कुणाच्या बापाचे नाहीत.

आता सुभद्राबाई.

मागच्या दिवाळीनंतर त्या आल्या. साठीच्या पुढच्या, आपल्यातल्याच, पिढ्यान् पिढ्या बेंगळुरात राहिलेल्या. रुमालाच्या गाठीतून घड्याळ काढलं. भारी स्विस माल. त्यांचे यजमान अठ्ठावन्न साली वारले. कारखान्यातला परदेशी इंजिनियर मायदेशी जाताना ते घड्याळ यजमानांच्या हातावर बांधून गेला होता.

"माझे दीर म्हणतात, मी खरं घड्याळ विकून माहेर भरलं आणि हे तसलंच दुसरं कुठून तरी आणून ट्रंकेत ठेवलं," बाई म्हणाल्या. "सदतीस वर्षं म्हणतायत. ह्या दिवाळीला नातवाच्या हातात बांधायला काढलं. सगळे बसले होते. दीर म्हणाले, बांध की, फक्त आजोबांचं म्हणू नको." मग म्हणाल्या, "अण्णा, तुम्ही नुसतं साल सांगा. दुसरं काही नको."

मी झाकण उघडलं. ह्या कंपनीचा नंबर झाकणावरच असतो, मशीनवर नसतो. मशीनवर नुसता मशीनच्या जातीचा आकडा, तो वर्षानुवर्षं तोच. म्हणजे झाकण म्हणेल ते साल. मी पुठ्ठा पाहिला.

"त्रेसष्ट," मी म्हणालो.

"नीट बघितलंत?"

"आकडा आहे बाई. आकड्यात नीट आणि वाकडं नसतं."

रुबाबात म्हणालो मी. बाईंनी रुमाल टेबलावर पसरला आणि चारी टोकं एकेक करून जुळवायला लागल्या.

तेवढ्यात तू पडद्याबाहेर आलीस. गिऱ्हाईक असताना तू बाहेर यायची नाहीस. "थांबा हो बाई. डायल बघू दे." खिडकीशी नेऊन पाहिलीस. "विठू, टी नाही ह्यावर. जुना माल आहे हा. साठच्या आधीचा, त्रेसष्टचा नव्हे."

"नंतर कुणीतरी भरला असेल."

"कोण भरणार? ह्या गावात अशी डायल मी भरत होते, दुसरं कुणी नाही. हा हात माझा नाही."

मी भरत होते. गिऱ्हाइकासमोर. अक्का, मला त्या घड्याळाचा राग नव्हता आला, ह्या तीन शब्दांचा आला. मी म्हणालो, "अक्का, आत जा."

तू आत गेलीस. बाई गाठ मारून निघून गेल्या. मी आयग्लास डोळ्याला लावून दुसरंच कुठलं तरी मशीन बघत बसलो. मशीन चांगलं चालत होतं.

जेवताना तू ताटात भात वाढलास आणि म्हणालीस, "झाकण बदललंय."

"कोण बदलणार?"

"तू."

मी घास खाली ठेवला.

"वीस-पंचवीस वर्षं झाली. ती बाई एकदा घड्याळ साफ करून न्यायला आली होती. मला आठवतंय, कारण आपल्या जुन्या गिऱ्हाइकाचं, त्या डॉक्टरांचं, तसलंच घड्याळ तेव्हा आपल्याकडं होतं. दोन्ही तुझ्या टेबलावर उघडी पडलेली. मी जेवायला हाका मारत होते. तू दोन्ही घाईनं मिटवलीस आणि आलास."

"माझ्या हातून? झाकण?"

"डॉक्टरांचं उघडून बघ. बाईंचा आकडा तिथं असेल."

"उघडणार नाही."

"का?"

"गरज नाही. लोखंड खोटं बोलत नाही."

"नाही बोलत. पण लोखंडाला आटे असतात, विठू. फिरवलं की निघतं, फिरवलं की बसतं."

मी ताटावरून उठलो. मिरवण्यासारखं नाही, पण झालं ते झालं.

त्यानंतर तू भांडली नाहीस. आठ-दहा दिवसांनी कधीतरी, भाजी निवडता निवडता, एवढंच विचारायचीस, "डॉक्टर आले होते?" मी म्हणायचो, नाही. ते आले होते, दोनदा, रस्त्यावरून जाताना बोलायला म्हणून. घड्याळ त्यांच्या मनगटावर होतं आणि मी भिंतीवरच्या पुठ्ठ्याकडं बघत बोललो. तू विचारशील, झाकणांची अदलाबदल झाल्यापासून इतक्या वर्षांत डॉक्टरांचं घड्याळ तू पाच वेळा तरी उघडलं असशील, तेव्हा कसं दिसलं नाही? खरं सांगतो, तेल घालायला उघडलेल्या घड्याळात माणूस तेलच बघतो. साल बघायचं ठरवल्यावर साल. आणि बघायचंच नाही असं ठरवलं, तर समोर ठेवलेलंही दिसत नाही.

उन्हाळ्यात एक दिवस तू छत्री घेऊन सकाळी बाहेर पडलीस ती चार वाजता परतलीस. पाय सुजलेले. "कुठं होतीस?" "देवळात." "एवढा वेळ?" "गर्दी होती." मी पाय चेपून दिले. एवढी एक गोष्ट बरी केली मी ह्या वर्षात.

मग चार दिवसांचा ताप आला. शेवटच्या संध्याकाळी मी पेज केली तर म्हणालीस, "मीठ कमी आहे रे." मी आणखी मीठ घालून आणलं, तोवर तुला झोप लागली होती. मी काही बोलणार होतो असंही नाही. उगाच खोटं कशाला लिहू? मला वाटलं, तू उठशील आणि पुन्हा विचारशील, डॉक्टर आले होते? आणि मी पुन्हा म्हणेन, नाही.

तुझं तेरावं झालं. दोन दिवसांनी दुकान उघडलं. पडदा मी बाजूला सारून ठेवला, मग उगाच मोकळं वाटलं म्हणून पुन्हा ओढला.

संध्याकाळी डॉक्टर आले. बसले. कानडीत म्हणाले, अक्कांसारखा स्थिर हात मी ऑपरेशन करणाऱ्यांतसुद्धा फार पाहिला नाही. म्हणजे त्यांना माहीत होतं, डायल कोण करतं ते! "तुम्हाला कुणी सांगितलं?" मी विचारलं. ते हसले. "तुमची बोटं जाड आहेत, मास्टर."

मी म्हटलं, "ते घड्याळ जरा द्या."

"चांगलं चाललंय."

"द्या तरी."

आधी डायल पाहिली. आयुष्यात पहिल्यांदा झाकणाआधी डायल. तळाला स्विस शब्द आणि दोन्ही अंगांना तुझे ते दोन टी. मग झाकण उघडलं. आतल्या अंगाला मी साफसफाईच्या वेळी ओरखडतो तशी अर्ध्या चंद्राची खूण. आणि नंबर. पुठ्ठ्याकडं न बघताच मला कळलं, तरी पाहिलं.

चोपन्न.

साठ सालानंतरची डायल आणि चोपन्नचं झाकण. तू म्हणाली होतीस तसं, शब्दाला शब्द.

"एनायितु, मास्टर?" डॉक्टर विचारत होते, काय झालं म्हणून. मी सांगितलं. पंचवीस वर्षं तुमच्या घड्याळाला दुसऱ्याचं झाकण आहे, माझी चूक. माझी चूक हे शब्द कानडीत सोपे गेले, मराठीत गेले नसते. ते म्हणाले, "मला तर वेळ बरोबर दाखवत होतं. सरी, ठीक आहे, घेऊन जा, माझं आणून बसवा." घड्याळही ठेवून गेले.

ते झाकण तळहातावर घेऊन मी पडद्यामागं गेलो. सांगायला. सवयीनं गेलो गं. खिडकीपाशी तुझं बैठं टेबल, काचेच्या घुमटीखाली झाकलेली अर्धी डायल, सातपर्यंतचे आकडे काढलेले. आठ राहिलाय. मी तिथं खाली बसलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी दुकान उघडलं नाही. झाकण, आयग्लास आणि झाकण फिरवायची चावी रुमालात बांधली आणि हेब्बाळची बस धरली. बाईंनी तेव्हा बोलता बोलता सांगितलं होतं, तळ्याच्या अंगाला घर आहे. दोन ठिकाणी विचारलं, सापडलं.

पडवीत खुर्चीवर एक म्हातारा पेपर वाचत होता, माझ्याच वयाचा. तेच दीर. सुभद्राबाई बाहेर आल्या, मला पाहिलं आणि दचकल्या नाहीत.

"आलात, अण्णा," म्हणाल्या. मग माझ्या मागं रस्त्याकडं बघितलं. "अक्का नाही आल्या?"

"तुम्ही अक्काला..."

"उन्हाळ्यात येऊन गेल्या ना त्या. दोन बसा बदलून. इथंच बसल्या होत्या पायरीवर. म्हणाल्या, घड्याळ तुमचंच आहे बाई, पण हे मी सांगून उपयोग नाही. त्याच्या तोंडून गेलंय, त्याच्याच तोंडून परत आलं पाहिजे. तो हट्टी आहे, वेळ लावेल. पण येईल."

देवळात गर्दी होती म्हणालीस, अक्का.

मी त्यांना सांगितलं, तू गेलीस म्हणून. बाई त्या पायरीवरच बसल्या. मग मी खुर्चीकडं वळलो आणि मोठ्यानं बोललो, कारण म्हातारा पेपर खाली करत नव्हता.

"त्या दिवशी मी ह्यांना चुकीचं साल सांगितलं. झाकण बदलून गेलं होतं, माझ्या हातून, माझ्याच टेबलावर. ह्यांचं खरं झाकण हे. चोपन्न सालचं. तुमच्या भावाचं घड्याळ हेच आहे, वहिनींनी काही विकलेलं नाही. आणि हे मी ओळखलं नाही, माझ्या बहिणीनं ओळखलं. आमच्या दुकानातली प्रत्येक डायल तीच करत होती. पन्नास वर्षं."

पेपर खाली आला. "झाकण काय," म्हातारा म्हणाला, "तुम्ही कुठलंही आणाल. घड्याळवाल्याकडं झाकणांना काय तोटा?"

मला राग आला आणि लगेच गेला. कारण बोलत तो होता, पण शब्द माझेच होते. नऊ महिने मी तुझ्याशी असाच बोललो होतो.

बाईंनी घड्याळ आणलं. मी त्यांचं झाकण त्यांच्या घड्याळावर बसवलं, डॉक्टरांचं रुमालात ठेवलं. मग विचारलं, "बाई, घरात जाड गोधडी आहे का?"

गोधडी आली. पडवीतल्या बाकावर बसून मी डोक्यावरून घेतली, सगळ्या कडा पायाखाली दाबल्या. म्हातारा विचारत होता, "हे काय चालवलंय?" बाई म्हणाल्या, "भावजी, गप्प बसा."

दोन मिनिटं झाली, मला कोंडायला लागलं. बसलो. पाच झाली असतील. कपाळावरून घाम आयग्लासवर उतरला, तो पुसला. तुझी आठवण काढायची नाही असं ठरवलं होतं, कारण डोळ्यात पाणी आलं तर काही दिसणार नाही. मोजत राहिलो. अंधार आधी नुसता काळा होता, मग जाड झाला, मग त्यात खोली आली. तेव्हा आयग्लास लावली.

बाराच्या आकड्यात होतं ते. आधी वाटलं, डोळ्याचाच खेळ. मग सहात दिसलं, मग काट्याच्या टोकाला. बारीक, फार बारीक, जागच्या जागी रटरटणारं. त्याला चावी देणारा अठ्ठावन्न सालीच गेला, ट्रंक मिटली, घड्याळावर माझं भलतं झाकण बसलं, आणि हे आत चाललेलंच होतं.

बाहेरून बाईंनी विचारलं, "दिसतंय का हो?"

"दिसतंय," मी म्हणालो. "दिसतंय, अक्का."

बाईंनी ऐकलं असेल.

मी बाहेर आलो, उजेडानं डोळे मिटले. मग गोधडीचं टोक उचलून धरलं आणि म्हाताऱ्याला म्हटलं, "या, बसा."

"मी कशाला?"

"या."

तो बसला. मी आयग्लास त्याच्या हातात दिली, घड्याळ दिलं, गोधडी ओढली. दोन मिनिटं झाली नसतील, आतून आवाज आला, "काही दिसत नाही," आणि तो उठायला लागला.

मी दोन्ही हात त्याच्या खांद्यांवर ठेवले आणि त्याला परत खाली बसवलं.

"दहा मिनिटं बस की रे," मी म्हणालो.